जबड्यावरची पिवळी गाठ, रिपोर्टात ‘झँथोग्रॅन्युलोमा’: काढू की राहू दे?

टेकडीवाला (धागाकर्ता), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी. एरवी मी भटकंतीच्या धाग्यांवर दोन फोटो डकवून पळ काढणारा माणूस. आज जरा वेगळं काम आहे.

वय ३७, मुक्काम कोथरूड. होळीच्या सुमारास डाव्या जबड्याच्या कडेला, कानाच्या पाळीखाली तीन बोटांवर एक पुटकुळी आली. दाढीचा केस आत वळला असेल म्हणून सोडून दिली. ती काही बसेना. गणपतीपर्यंत वाटाण्याएवढी झाली. घट्ट, गुळगुळीत, दुखणं-खाजणं काही नाही. रंग मात्र चमत्कारिक: मधोमध पिवळट केशरी, कडेने लालसर. हेल्मेटचा पट्टा नेमका तिथेच येतो, त्यामुळे दोनदा सोलवटून रक्त आलं.

आपण होऊन डॉक्टरकडे गेलो असतो असं नाही. आमच्या केस कापणाऱ्या काकांनी वस्तरा थांबवला आणि म्हणाले, “दादा, ही फोड नाही. पस्तीस वर्षं लोकांचे गाल बघतोय, असला रंग नाही बघितला. आधी दाखवून या.” आणि तेवढी जागा सोडून बाकीची दाढी केली. चार दिवस ऑफिसात लोक विचारत होते की डाव्या बाजूला नवस आहे का.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी भिंगाचं यंत्र टेकवलं, “मावळतीचा सूर्य दिसतोय” म्हणाल्या आणि पंच बायोप्सी केली. ४ मिलिमीटरचा गोल तुकडा, वर एक टाका. सहाव्या दिवशी रात्री साडेनऊला रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पहिल्याच ओळीत ‘हिस्टिओसायटिक प्रोलिफरेशन’, म्हणजे कसल्यातरी पेशींची वाढ. पुढे ‘झँथोग्रॅन्युलोमा सुचवणारे बदल, खात्रीसाठी आयएचसी करावी’ (त्याच तुकड्यावरची आणखी एक रंगतपासणी). प्रोलिफरेशन वाचलं आणि ताटातली भाकरी तशीच राहिली. रात्री दोनपर्यंत नेटवर रक्त, डोळे, हाडं सगळं पालथं घातलं. तोवर मला त्यातले निदान चार आजार झालेले होते.

नंतर आयएचसी झाली, निदान तेच. बाई म्हणाल्या, “साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. काढली तरी चालेल, ठेवली तरी चालेल. तुम्ही ठरवा.” घोडं इथेच पेंड खातंय. उभा जन्म पुण्यात गेला, ‘संपलं’, ‘मिळणार नाही’, ‘नंतर या’ ऐकायची सवय. कुणी ‘तुम्ही ठरवा’ म्हटलं की झोप उडते.

तर कुणाला ही गाठ झाली होती का? काढली का? आणि आईला कसं सांगू? बाबा पोटातल्या गाठीने गेले. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही.

मिसळखाऊ

बाकीचं नंतर. आधी त्या केस कापणाऱ्या काकांचा पत्ता द्या.

पेठकर

कोथरूडला राहता आणि हेल्मेट घालता? गाठ राहू द्या, आधी याची तपासणी करा. (हलके घ्या.)

कोकणकन्या

टेकडीवाला, काळजी करू नका. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही पापण्यांवर असेच पिवळे चट्टे आहेत. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं, वाढलेलं निघालं. तुम्हीही लिपिड प्रोफाइल करून घ्या आणि तळण बंद करा. दिवाळी तोंडावर आहे म्हणून आत्ताच सांगतेय.

आजीबाईंचा_बटवा

अहो, एवढ्याशा गाठीला कापाकापी कशाला? घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधून ठेवा, आठवड्यात गळून पडते. आमच्या गावी सगळे हेच करतात. नाहीतर चुना आणि खायचा सोडा टोकावर लावा, दोन-तीन दिवसांत सुकते.

हडपसरी

@आजीबाई, केस बांधतात तो चामखिळीला, तिला देठ असतो. यांची गाठ वाटाणा कापून गालावर चिकटवल्यासारखी बसकी आहे, केस बांधणार कशाला? राहिला चुना. माझ्या मामाने मानेवरच्या तिळाला चुना-सोडा लावला होता. तीळ गेला, पण त्याच्या जागी पाच रुपयांच्या नाण्याएवढा भाजल्याचा डाग आला आणि तो अजून आहे. लग्नाच्या प्रत्येक अल्बममध्ये मामा उजवीकडे तोंड करून उभा.

मिसळखाऊ

जाता जाता, पुण्यात घोडा शोधायचा तर वरातीचाच मिळणार. नवरदेव उतरायच्या आत शेपूट गाठायची.

स्लाइडपुसणी

पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यातच. टेकडीवाल्यांची स्लाइड मी पाहिलेली नाही, म्हणून जे लिहितेय ते या प्रकाराबद्दल, त्यांच्याबद्दल नाही.

हिस्टिओसाइट या आपल्या उतींमधल्या सफाई कामगार पेशी. मेलेल्या पेशी, जंतू, सांडलेली चरबी, जे दिसेल ते गिळतात. कधीकधी एका जागी त्या विनाकारण जमतात, वाढतात, पोटात चरबी साठवून फेसाळ दिसायला लागतात. कातडीतून ती चरबी पिवळी दिसते. ग्रीकमध्ये झँथोस म्हणजे पिवळा, तिथून हे नाव.

@कोकणकन्या, पापण्यांवरच्या चट्ट्यांना झँथेलाझ्मा म्हणतात, ते वेगळं प्रकरण. त्यांतही निम्म्याच्या आसपास लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं. आणि झँथोग्रॅन्युलोमाचा रक्तातल्या चरबीशी संबंधच नाही. चरबी पेशीच्या पोटात आहे, रक्तात नाही. टेकडीवाल्यांनी चकल्या खाव्यात.

हा मुळात लहान बाळांचा आजार म्हणून ओळखला जातो. अ‍ॅडमसन नावाच्या डॉक्टरांनी १९०५ साली बाळांमधलं पहिलं वर्णन केलं, ‘ज्युवेनाइल झँथोग्रॅन्युलोमा’ हे नाव १९५४ साली हेल्विग आणि हॅकनी यांनी रूढ केलं. मोठ्या माणसांत तो होतो हे १९६३ साली गार्टमन आणि ट्रिट्श यांनी मांडलं. म्हणून चाळिशीच्या माणसाच्या रिपोर्टात ‘ज्युवेनाइल’ दिसलं तर लॅबशी भांडायला येऊ नका. आमच्याकडे एक काका आले होते, “मी काय लहान आहे का?” असं म्हणत.

मोठ्यांमध्ये बहुधा एकच गाठ येते, विशी-तिशीत जास्त, डोकं-मान-धड या भागांत जास्त. फरक असा की बाळांच्या गाठी काही वर्षांत आपोआप विरतात, मोठ्यांची बहुतेक वेळा तशीच राहते. राहिली म्हणून ती कॅन्सर होत नाही. पूर्ण काढली तर सहसा परत येत नाही.

एक गोष्ट मात्र खरी. मोठ्या माणसाला अशा गाठी एकदम अनेक आल्या तर रक्ताची तपासणी नीट करतात, कारण त्यांचं काही रक्ताच्या विकारांशी नातं दिसलेलं आहे. डोळ्यांभोवती पिवळट सूज आणि सोबत मोठेपणी सुरू झालेला दमा हाही वेगळा प्रकार, त्याची चौकशी वेगळी. टेकडीवाला, रात्री दोनपर्यंत तुम्ही वाचलंत ते बहुतेक या लोकांबद्दल. तुमच्या अंगावर एकच आहे ना? एकदा आरशात पाठ बघून घ्या.

टेकडीवाला

स्लाइडताई, दंडवत. बायकोने टॉर्च घेऊन पाठ तपासली. एक तीळ आणि दोन घामोळ्या. गाठ एकच आहे.

निवृत्त_कारकून

माझं मत कुणाला रुचणार नाही, तरी लिहितो. बायोप्सी केली, पैसे दिले. मग ‘खात्रीसाठी’ आयएचसी, परत पैसे, परत पाच दिवस थांबा. पहिल्यांदा खात्री नव्हती तर पैसे कसले घेतले? मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली. एका अर्जावर दोनदा फी घेतली असती तर लोकांनी टेबल उलथवलं असतं. हे सगळं साखळीत चालतं.

स्लाइडपुसणी

काका, चिडत नाही, कारण हा प्रश्न रोज ऐकते.

पहिल्या तपासणीत तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, केसाहून कितीतरी पातळ काप काढून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवतात. मग मी बघते. गोल पेशींचा गठ्ठा दिसतो. टूटन पेशी दिसल्या तर काम सोपं. टूटन पेशी म्हणजे एक मोठी पेशी, तिच्यात बरीच केंद्रकं, आणि ती गोलाकार फेर धरून बसलेली. भोंडल्यात मधे हत्ती काढतात आणि मुली भोवती फेर धरतात ना, अगदी तसं. फेराच्या आत गुलाबी, फेराबाहेर चरबीचा फेस. एकदा पाहिली की विसरत नाही.

पण गाठ नवी असेल, तुकडा छोटा असेल, तर हत्तीही नसतो आणि मुलीही नसतात. नुसता पेशींचा घोळका. घोळक्यातलं कोण कुठल्या घरचं हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. तेव्हा आयएचसी करतो. विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं कापावर सोडतो. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. सीडी६८ आणि फॅक्टर तेरा-ए तपकिरी झाले, सीडी१ए कोरं राहिलं, एस१०० बहुधा कोरं, तर झँथोग्रॅन्युलोमाच्या बाजूने कौल. सीडी१ए आणि एस१०० दोन्ही उमटले तर लँगरहान्स पेशींचा आजार, त्याचा मार्ग निराळा. हे दोन एकमेकांत मिसळले तर पेशंटला उगाच भलते उपचार तरी होतील किंवा हवे ते व्हायचे राहतील. अर्ज एकच, काका, पण त्यावर दोन खात्यांचे शिक्के लागतात. हे तुम्हाला मी काय सांगणार.

निवृत्त_कारकून

शिक्क्यांचं पटलं. मग तसं आधी सांगावं. ‘गरज पडली तर दुसरी तपासणी लागेल’ हे एक वाक्य पहिल्या दिवशी बोलायला काय जातं?

स्लाइडपुसणी

यावर वाद नाही. सांगायला हवं.

दोन_पिल्लांची_आई

वाचतेय. माझ्या धाकट्याला हीच गाठ होती, म्हणून लिहिते.

तो पाच महिन्यांचा असताना टाळूच्या बाजूला पिवळा ठिपका दिसला. महिन्याभरात हरभऱ्याच्या डाळीएवढा. तेल लावताना बोटाला लागायचा. नणंद म्हणाली दृष्ट लागली, शेजारच्या काकू म्हणाल्या डोहाळे पुरवले नाहीत. (काय खायचं राहिलं होतं याची यादी नवऱ्याने अजून जपून ठेवली आहे.) बालरोगतज्ज्ञांनी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी कापलं नाही, बघूनच सांगितलं आणि एकदा डोळे तपासून घ्या म्हणाले, कारण बाळांमध्ये क्वचित बुबुळाच्या पडद्यावर अशी गाठ येते आणि डोळ्यात रक्त उतरू शकतं. डोळे ठीक निघाले. पुढे नुसतं बघत राहायचं.

बघत राहणं हा सगळ्यात अवघड उपचार. दर रविवारी न्हाऊ घालताना शेजारी एक रुपयाचं नाणं धरून फोटो काढायचे. दीड वर्षापर्यंत काही फरक नाही. मग सपाट व्हायला लागली, रंग फिका पडला. चौथ्या वाढदिवसाला जावळाखाली शोधावी लागली. आता तिथे किंचित सुरकुतलेली कातडी आहे, तीही मलाच माहीत.

शून्यमनस्क

याला मराठी नाव हवं. ‘पीतकणार्बुद’ कसं वाटतं?

पेठकर

‘अर्बुद’ ऐकूनच माणूस हाय खाईल. ‘पिवळी गाठ’ काय वाईट?

शून्यमनस्क

हळकुंडाला पण पिवळी गाठ म्हणता येतं.

कोकणकन्या

मग ‘हळकुंडी’ ठेवा! “काय झालंय?” “काही नाही, गालावर हळकुंडी आलीय.” ऐकायला मंगल वाटतं.

मिसळखाऊ

हसून हसून पुरेवाट. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले टेकडीवाले.

सोनकी

थोडं अवांतर, पण पिवळ्याचाच विषय आहे म्हणून. ज्यांच्या नावाने त्या फेर धरणाऱ्या पेशी ओळखल्या जातात ते कार्ल टूटन जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ, त्या पेशींचं वर्णन १८८५ सालचं. मी वनस्पतीवाली. मला हे नाव आधी माहीत होतं ते वनस्पतिशास्त्रात, कारण हेच गृहस्थ हिएरेशियम नावाच्या फुलझाडांचे मोठे अभ्यासक होते. सूर्यफुलाच्या कुळातली झाडं, फुलं बहुतेक पिवळी. आपल्या सोनकीचं कूळ तेच. म्हणजे माणूस दिवसा पिवळ्या गाठी बघायचा आणि सुट्टीत पिवळी फुलं.

टेकडीवाला, तुम्ही पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवरच्या सोनकीचा फोटो टाकला होता, आठवतोय. तेव्हाच तुमची ग्रहदशा सुरू झाली असावी.

स्लाइडपुसणी

@सोनकी, रोज या माणसाचं नाव टाइप करते आणि मला हे माहीत नव्हतं! आजचा दिवस सार्थकी.

हडपसरी

गंमत चालू द्या, पण एक सावधगिरी. हा धागा उद्या कुणीतरी शोधून वाचेल, स्वतःच्या तोंडावरची गाठ आरशात बघेल आणि म्हणेल, “पिवळट आहे, दुखत नाही, म्हणजे हळकुंडी.” माझ्या वडिलांच्या नाकाच्या बाजूला मोत्यासारखी चमकणारी पुटकुळी होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. दोन वर्षं सगळ्यांनी ‘वयाने येतं’ म्हणून सोडलं. मधे खपली धरायची, पडायची, परत धरायची. निघाली बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. तो सहसा अंगभर पसरत नाही म्हणून निभावलं, पण नाकाची कड गेली आणि कपाळाची कातडी वळवून लावावी लागली. तेव्हा आधी तुकडा तपासा, मग नाव ठेवा.

स्लाइडपुसणी

+१. ही ओळ धाग्याच्या वर चिकटवा. पंच असो, शेव्ह (वरवर तासून काढणं) असो, पूर्ण काढणं असो, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे. कॉटरीने (विजेवर तापणाऱ्या टोकाने) नुसती जाळून टाकतात तेव्हा आमच्या हाती काही उरत नाही.

फाटकी_छत्री

माझ्या मांडीवर अशीच गाठ होती, पण तपकिरी. चिमटीत धरली की मधोमध खळगा पडायचा. डर्माटोफायब्रोमा निघाला, कातडीतली एक साधी गाठ. १२ वर्षं झाली, आहे तिथे आहे. मी तिला नाव दिलंय पण सांगणार नाही.

विमावाले_भाऊ

टेकडीवाला, काढायचं ठरलं तर कागदावर काय लिहिलं जातं ते बघा. फक्त ‘रुग्णाच्या इच्छेने’ किंवा ‘सौंदर्यासाठी’ असं लिहिलं की क्लेम गेलाच म्हणून समजा. पट्टा घासून रक्त येतं हे खरं आहे ना? मग तेच लिहून घ्या. खोटं काही लिहू नका. खरं लिहायला विसरू नका.

टेकडीवाला

सगळ्यांना धन्यवाद, पण मूळ प्रश्न अजून लटकलेला आहे: काढू की नको? चार हळकुंडं, एक घोडा आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ एवढं जमा झालंय.

कानात_डूल

मी ‘नको’च्या बाजूने. मला २२व्या वर्षी वरच्या पाळीला दुसरं टोचून घ्यायची हौस आली. जखम भरली ती थांबेचना, बोराएवढा केलॉइड झाला. तीन वर्षं त्यात इंजेक्शनं घेतली आणि ती काय दुखतात ते मलाच ठाऊक. जबड्याची कड, कान, छाती, खांदे ही केलॉइडची आवडती ठिकाणं. साधी गाठ काढून व्रण वाढवून घेण्यात काय हशील? बाळाच्या आईचं बघा, बघत राहिल्या, गेली.

दोन_पिल्लांची_आई

पण माझं बाळ होतं हो. स्लाइडताईंनी वर लिहिलंय, मोठ्यांची बहुधा जात नाही. आणि टाळूला हेल्मेटचा पट्टा लागत नव्हता.

हडपसरी

बायोप्सीचा एक टाका पडला होता ना? त्या जागी व्रण कसा भरला ते बघा. फुगला नसेल तर चांगलं लक्षण.

कानात_डूल

हे डोक्यात आलं नव्हतं. बरोबर आहे. तरी डॉक्टरांना घरात कुणाला केलॉइड होता का ते आपणहून सांगा, ते विचारायचं विसरू शकतात.

जुनी_सायकल

बाकी सगळ्यांनी गाठीवर लिहिलं. मी आईवर लिहिते.

माझ्या छातीत गाठ लागली तेव्हा मीही आईला सांगितलं नव्हतं. सोनोग्राफी, सुई, सगळं ऑफिसच्या वेळात उरकलं. घरी आल्यावर पट्टी काढून कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राखाली दाबली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, “साधी निघाली का?” डबा रिकामा करायला ती रोज पहाटे जाते हे मी विसरले होते. चार रात्री ती झोपली नव्हती, आणि मी विचारलं नाही म्हणून बोललीही नव्हती. (साधीच निघाली होती.)

तुमच्या तर चेहऱ्यावर आहे, टेकडीवाला. त्यांना दिसत नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला?

टेकडीवाला, दुसऱ्या दिवशी

जुनी_सायकल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग स्वयंपाकघरात गेलो.

आई पोहे निवडत होती. “आई, या गालावर जरा बघ” म्हटलं. तिने ताट बाजूला ठेवलं, चष्मा लावला, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. शाळेत असताना नखं तपासायची तसंच. म्हणाली, “गौरी बसल्या तेव्हापासून बघतेय. डॉक्टर काय म्हणाले?” मी रिपोर्ट वाचून दाखवला. सीडी६८ पण वाचलं. ‘बिनाइन’ म्हणजे काय ते तिने दोन वेळा विचारलं. मग पोहे परत पुढे ओढले आणि म्हणाली, “साधी आहे तर काढून टाक. मला रोज ती दिसते.”

एवढंच.

कोकणकन्या

...

पेठकर

निकाल लागला. धागा बंद करा.

मिसळखाऊ

बंद कसला, पत्ता राहिलाय अजून.

टेकडीवाला, तीन आठवड्यांनी

धागा वर आणतोय, कारण अर्धवट सोडलेले धागे मला स्वतःला आवडत नाहीत.

दिवाळी झाल्यावर काढली. घरात केलॉइड कुणाला नाही आणि बायोप्सीचा व्रण सपाट भरला होता, हे मी आपणहून सांगितलं. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, बराच अभ्यास केलाय. बधिर करायची सुई टोचते तेवढंच काय ते दुखणं. पुढची वीस मिनिटं गालावर कुणीतरी पेन्सिलीने लिहितंय असं वाटत होतं, आणि कॉटरीचा केस जळाल्यासारखा वास. पाच टाके.

मग गंमत. बाईंनी बुचाची छोटी बाटली हातात दिली. फॉर्मालिनमध्ये माझी गाठ, वर माझं नाव, वय, ‘डावा जबडा’. लॅब पाच वाजता बंद होते, तुम्हीच देऊन या म्हणाल्या. शर्टाच्या खिशात बाटली घालून, गालावर पट्टी, कर्वे रस्त्याने संध्याकाळच्या गर्दीत रिक्षाने निघालो. सिग्नलला बाहेर काढून पाहिली. जिच्यापायी एवढी रात्र-रात्र घालवली ती पाण्यात उडदाच्या डाळीसारखी पांढरट पडली होती. मावळतीचा सूर्यबिर्य काही नाही. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “दात का?” मी हो म्हटलं. एवढं कोण समजावणार.

रिपोर्ट आला: झँथोग्रॅन्युलोमा, कडा मोकळ्या (म्हणजे गाठ पूर्ण निघाली). आणि या खेपेला लिहिलं होतं ‘भरपूर टूटन जायंट सेल्स’. स्लाइडताई, तुमचा फेर! लॅबमध्ये मूळ रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना विचारलं, बघायला मिळेल का? त्यांनी एका मिनिटासाठी बसवलं. आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग दिसलं. खरंच मुली फेर धरून उभ्या आहेत. आठ-दहा तरी केंद्रकं असावीत, मी मोजत होतो तेवढ्यात पुढचा पेशंट आला.

स्लाइडपुसणी

पहिल्या ४ मिलिमीटरच्या तुकड्यात त्या नव्हत्या, पूर्ण गाठीत निघाल्या. निवृत्त_कारकून काका, आहात का?

निवृत्त_कारकून

आहे. वाचलं. बिल दोनदा झालं हे माझं कायम आहे, पण दुसरा शिक्का बरोबर होता.

विमावाले_भाऊ

क्लेम?

टेकडीवाला

त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल. तो विनोदी विभागात.

कानात_डूल

व्रण कसा आहे?

टेकडीवाला

सहाव्या दिवशी टाके काढले. गुलाबी रेघ आहे, फुगलेली नाही. सहा महिने लक्ष ठेवा म्हणाल्या. हेल्मेटच्या पट्ट्याला बायकोने मऊ फडक्याचं वेष्टण शिवून दिलंय, फुलाफुलांचं. सिग्नलला लोक बघतात.

काल दाढीला गेलो. काकांनी मान वाकडी करून रेघ नीट पाहिली, अंगठ्याने कडेची कातडी ताणून बघितली आणि वस्तरा उघडला. कानाखालून सरळ खालपर्यंत ओढला, न थांबता. मग माझं डोकं दुसऱ्या बाजूला वळवून म्हणाले, “आता उजवीकडचा हा तीळ आधीपासून आहे का?”

मिसळखाऊ

अहो, पत्ता!

टेकडीवाला

व्यक्तिगत निरोप केलाय. सोमवारी बंद असतं.